तिसरा पेला

अधिक श्रावण, वद्य सप्तमी, सोमवार, सकाळचे साडेआठ. रक्कम रुपये दोनशे. हजर मंडळी: अमरावतीच्या ठाण्यातले फौजदार, एक हवालदार, माझे सासरे, माझा धाकटा साडू आणि मी.

दोनशे रुपये द्यायचे नव्हते, लिहून द्यायचे होते. साडू तारखेला कोर्टात हजर झाला नाही तर ते माझ्या घरावर वसूल व्हावेत, असा जामीन होता. साडू अकोल्याचा, म्हणून जामीन इथला हवा होता आणि स्वतःच्या नावाचं घर असलेला हवा होता. घरपट्टीची पावती मी सोबत नेली होती. मागच्या तीन वर्षांच्याही नेल्या होत्या. फौजदारांनी एकच पाहिली.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, साडूने दारू पिऊन मोटर चालवली आणि बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका माळ्याच्या बैलगाडीला धडक दिली, असा गुन्हा होता. डाव्या बैलाचा पाय मोडला होता. मोटरीत आम्ही दोघंच होतो. साडू चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. म्हणजे मी त्याचा जामीन होतो आणि त्याच्याविरुद्धचा साक्षीदारही होतो. फौजदारांना मी हे दाखवून दिलं. ते म्हणाले, कायद्याला त्यात अडचण नाही.

साडूला आतून आणलं. रात्रभर कोठडीत राहिलेला माणूस कसा दिसावा याची माझी एक कल्पना होती. तो तसा दिसत नव्हता. धोतर चुरगळलं होतं एवढंच. हवालदार त्याला शेठ म्हणत होता, आणि त्याने त्याच्यासाठी हॉटेलातून चहा मागवला होता. मी पंचवीस मिनिटं बाकावर बसलो होतो, मला कोणी चहा विचारला नव्हता.

"साडूभौ," साडू मला पाहून म्हणाला, "तुमाले सकायी सकायी तरास झाला."

"झाला," मी म्हणालो.

मी सही केली. सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. खरं म्हणजे जामीन तेही राहू शकले असते. त्यांची सत्तावीस एकर जमीन आणि विहिरीवरची बाग याच तालुक्यात होती. पण रात्री ते माझ्या दारात आले तेव्हा म्हणाले होते, "जावाईबापू, आज ज्याचे पाय धुतले, त्याले उद्या पोलिसातून मी सोडवून आनू? लोक काय म्हनतीन? तुमी जा."

पाय माझेही धुतले होते. ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

हे पाय धुणं आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात होतं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. सासू-सासरे त्याचे पाय धुतात, तांब्याच्या ताटात पुरणाचे तेहतीस धोंडे आणि वर चांदीचं निरांजन ठेवून ते वाण त्याला देतात. त्या महिन्यात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्याला कोणी टोकत नाही. अमरावतीपासून सात मैलांवरच्या माझ्या सासुरवाडीला रविवारी आम्ही दोघं जावई या वाणासाठी गेलो होतो.

मी सकाळी सासऱ्यांनी पाठवलेल्या दमणीतून बायकोला घेऊन गेलो. दमणीचे बैल चांगले होते. पण रस्त्याने आमच्या मागून साडूची मोटर आली आणि तिची धूळ आमच्यावर बसली. त्याने हात केला. माझी बायको हसून ओरडली, "हळू चालवा जी." नंतर वाटभर ती मोटरीबद्दलच बोलत होती.

मत्सर हा शब्द लिहिणं मला कठीण जातं, पण दुसरा शब्द बसत नाही. साडू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी थोरल्या मुलीचा नवरा, म्हणून मान पहिला माझा. त्याचं लग्न होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, तो होताही. मी जिनिंग फॅक्टरीत काट्यावरचा कारकून. कापसाची गाडी आवारात शिरली की वजन करण्याआधी मी तिचं वजन सांगत असे, आणि माझा आकडा चुकला तर पाचसात शेरांनी चुके. शेतकरी माझ्यावर भरवसा ठेवत आणि मालकही ठेवत. एवढीच माझी पुंजी होती. साडूची अकोल्याला अडत होती. त्याचा हिशेब त्याच्या मुनिमाला ठाऊक. तो सासुरवाडीला आला की घरात आवाज वाढे. सासूबाई, ज्या माझ्यासमोर पदर सावरून दाराआड उभ्या राहत, त्या त्याच्या थाळीत हाताने पोळी वाढत. माझी बायको माझ्याबरोबर चौदा वर्षं राहिली होती. मी तिला हसवल्याचे प्रसंग मी मोजू शकलो असतो. तो ओटीवर पाय ठेवायच्या आधीच तिला हसवत असे.

त्या रविवारी ताटं समोर आली. धोंडे मी मोजले. दोन्हीकडे तेहतीस होते. मग मी निरांजनं पाहिली. त्याचं मोठं वाटलं. मी नजरेने तोललं: त्याचं सात तोळ्यांचं, माझं पाच तोळ्यांचं. त्या वेळच्या चांदीच्या भावाने दोन तोळ्यांचा फरक म्हणजे एक रुपया. एका रुपयासाठी मी दुसऱ्यांदा पुरण घेतलं नाही.

जेवणं आटोपली, सासरे आडवे झाले, बायका आत गेल्या. साडूने मला खूण केली आणि आम्ही संत्र्याच्या बागेत गेलो. अकोल्यात दारूबंदी आल्यापासून तो आमच्याकडे येताना तहानलेला असे. आठवड्यापूर्वी तो लाकडाच्या कामाला परतवाड्याला गेला होता, तिथून त्याने मोहाची बाटली आणली होती. ती त्याने विहिरीच्या थारोळ्यात गार करत ठेवली होती.

"घेता का साडूभौ?"

"अधिक महिना आहे."

"नारायणाले सर्व माफ हाय."

मी घेतली नाही. विहिरीच्या काठावर बसलो. त्याने पितळी पेल्यात एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तो गप्पा मारत होता. नागपूरला एका व्यापाऱ्याने मोटरीत म्हशीचं पारडू कसं नेलं ते सांगत होता. मला हसू आलं, आणि त्याच्या गोष्टीने आलं म्हणून मी उठलो. बागेतून परत येताना मी वळून पाहिलं नाही. तो पाऊण तासाने आला. बाटली त्याच्या हातात नव्हती.

पाच वाजता मला अमरावतीला निघायचं होतं. हंगाम नव्हता, पण सोमवारी काटे तपासायला माणूस येणार होता. बायको माहेरी राहणार होती. सासऱ्यांनी दमणी जुंपायला सांगितली. साडू म्हणाला, "दमणी काहून? मी सोडून देतो. अर्ध्या घंट्यात जाऊन येतो."

त्याच्या तोंडाचा वास ओटीवर सगळ्यांना आला. सासऱ्यांना आलाच. ते मला पुढे म्हणाले, "आला ना. पन धोंड्याच्या महिन्यात जावयाले टोकाव कसं? आमी म्हनलं, तुमी हा सोबत." त्यांना टोकता येत नव्हतं हे मला पटतं. मीही जावईच होतो, मला येत होतं. साडूने साडूला टोकायला कुठलाच महिना आड येत नाही.

मी टोकलं नाही, कारण मला मोटरीत बसायचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फॅक्टरीच्या मॅनेजरचं घर होतं. रविवारी संध्याकाळी ते बाहेर खुर्ची टाकून बसत. त्यांच्यासमोरून मोटर यावी, ती माझ्या दारात थांबावी आणि तिच्यातून मी उतरावं, हे मी दुपारपासून मनात दोनदा करून पाहिलं होतं. जुंपलेली दमणी मी सोडायला लावली.

धडक कशी झाली ते सांगायला फारसं नाही. बडनेरा मागे पडलं होतं. पाऊस नव्हता, उजेड होता. समोरून माळ्याची गाडी आली, वांग्याच्या डालग्या लादलेली. बडनेऱ्याला दुसऱ्या दिवशी बाजार होता. साडू पारडाची गोष्ट शेवटाला नेत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात थोडा वळला, आणि दिवा बैलावर गेला. बैल खाली बसला. ओरडला नाही, नुसता बसला. डालग्या रस्त्यावर पडल्या. मी त्या मोजल्या. अकरा होत्या. मोजायची काही गरज नव्हती, पण माझं तसंच आहे.

माळी पन्नाशीचा होता. तो बैलाजवळ बसला आणि त्याच्या पायावरून हात फिरवू लागला. पुढच्या नाक्यावरचा शिपाई धावत आला, त्याने साडूच्या तोंडाशी नाक नेलं आणि त्याला बाजूला बसवलं. मग ठाणं, मग सरकारी दवाखाना. तिथे डॉक्टरने साडूला फरशीच्या सांध्यावरून सरळ चालायला लावलं. चार फरशा तो सरळ गेला.

माझी जबानी ठाण्यात सात वाजता झाली. फौजदार विचारत होते आणि लिहीत होते.

"किती घेतली होती त्यांनी?"

"तीन पेले."

"मोटरीचा वेग?"

"ताशी चाळीस मैल."

दोन्ही आकडे मी न अडखळता दिले. फौजदार म्हणाले, "असा साक्षीदार पाहिजे. नाहीतर लोक म्हणतात, लय जोरात होती बाप्पा." मला बरं वाटलं. दिवसभरात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

तारीख निज श्रावणातली लागली. मधल्या दोनअडीच आठवड्यांत साडूचे वकील माझ्याकडे आले. त्यांनी आधी कायदा सांगितला. मोटरींचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. दारू पिऊन चालवल्याबद्दल पाचशे रुपयांपर्यंत दंड, नाहीतर सहा महिने कैद. परवाना जाणार तो वेगळाच.

"डॉक्टरचा कागद आहे, तेव्हा शिक्षा चुकत नाही," वकील म्हणाले. "प्रश्न एवढाच की दंड का तुरुंग. तुमचे तीन पेले आणि चाळीस मैल तसेच राहिले तर साहेब तुरुंगात पाठवतील. तुम्ही म्हणा, मला काही आठवत नाही."

"मला आठवतं."

"मग म्हणा, वास आला नाही."

"आला."

त्यांनी टोपी उचलली. "तुमच्यासारखे नातेवाईक असले की वकिलांचं पोट चालतं," असं म्हणून ते गेले.

मी खरं बोलणारा माणूस आहे, हे लोक जाणून होते आणि मीही जाणून होतो. त्या दिवसांत मला खरं बोलायची घाई झाली होती. रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या घालत मी साक्षीची वाक्यं म्हणून पाहत असे. खरं बोलण्यात एवढी गोडी याआधी कधी आली नव्हती. तिथेच मला शंका यायला हवी होती.

तारखेच्या आदल्या दिवशी साडू आणि मेहुणी अकोल्याहून आले. उतरले माझ्याच घरी, दुसरं कुठे उतरणार. सासरेही आले, पण जेवले नाहीत. लेकीच्या घरचं अन्नपाणी त्यांना चालत नसे. त्यांनी भाकरी बांधून आणली होती आणि पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचं प्यायले. साडू पहिल्यांदाच गप्प होता. मेहुणीला सहावा महिना होता. तिने वाढताना मला विचारलं, "भाऊजी, उद्या तुमालेच बोलावतीन ना पयले?"

"डॉक्टरनंतर."

"तुमी खोटं बोलत नाई, मले मालूम हाय. मी तसं म्हनतही नाई." तिने माझ्या ताटात पोळी ठेवली. "दसऱ्यापासून अडतीचा हंगाम सुरू होते. हे आत असले तर मुनीम सर्व खाऊन घेईन. मी बाळंतीन राहीन. तेवढं सांगून राह्यली."

झोपण्याआधी माझ्या बायकोने एवढं म्हटलं, "त्यायनं किती घेतली ते तुमी पाह्यलं, तर पाह्यलं म्हना. नाई पाह्यलं, तर काहून म्हनता?" तिला मी बागेतून लवकर परतल्याचं ठाऊक होतं. पाणी मागायला मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो होतो आणि तिनेच ते दिलं होतं.

सकाळी आंघोळ करून मी देवासमोर बसलो. देव्हाऱ्यात दोन निरांजनं होती. एक आमचं, अधिक महिन्यातलं. दुसरं मेहुणीने सोबत आणलं होतं. नवरा सुटला तर ते अंबादेवीला वाहीन, असं ती बोलली होती. घासूनपुसून दोन्ही शेजारी ठेवली होती. त्याचं कोणतं आणि आपलं कोणतं हे ओळखायला मी हात पुढे केला. जे जड ते त्याचं. उजव्या हातात एक घेतलं, डाव्या हातात दुसरं. हात बदलले. पुन्हा बदलले.

हात सांगत होता, फरक नाही.

वीस वर्षं या हाताने वजनं केली होती. तरी मी त्याचं ऐकलं नाही. दोन्ही उपरण्यात बांधून कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेलो. दुकान नुकतं उघडत होतं. "सकाळी सकाळी विकून राहिले का बाबूजी?" तो म्हणाला. मी म्हटलं, नुसती तोलायची आहेत. त्याने तोलली. एक पाच तोळे. दुसरं पाच तोळे दोन गुंजा. जे दोन गुंजा जड होतं, त्याच्या बैठकीवर आमच्या घरची खूण होती, बायकोने खिळ्याने केलेली.

मी सोनाराच्या पायरीवर बसलो. ज्या नजरेने मी कापसाची गाडी पाच शेरांत सांगत होतो, तिने पाच तोळ्यांचे सात तोळे केले होते. शेकडा चाळीस चूक. फॅक्टरीत असा काटा सापडला असता तर मी स्वतः त्याला सील लावलं असतं. आणि त्याच दिवशी, त्याच नजरेने, मी तीन पेले आणि चाळीस मैल पाहिले होते.

कोर्टात गर्दी होती. अकोल्याची माणसंही आली होती. साडूला भेटायला, धीर द्यायला. माझ्यासाठी माझ्या फॅक्टरीतून कोणी आलं नव्हतं, येण्याचं कारणही नव्हतं, तरी ते मला लागलं. एवढ्या सकाळनंतरही लागलं, म्हणून लिहून ठेवतो.

आधी माळ्याची साक्ष झाली. त्याने फार थोडं सांगितलं. मग डॉक्टरची झाली. मग मला पुकारलं. शपथ घेतली. सरकारतर्फे फौजदारच विचारत होते. माझी जबानी त्यांच्या हातात होती आणि ते निश्चिंत दिसत होते.

"आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता?"

"येत होता."

"तुमच्यासमोर त्यांनी दारू घेतली?"

"घेतली. मोहाची."

"किती पेले?"

"दोन."

त्यांनी कागद पाहिला. "जबानीत तीन आहेत."

"दोन मी पाहिले. मग मी तिथून निघून गेलो. तिसरा मी पाहिला नाही. तो मी मनाने भरला."

मागे कोणीतरी खोकलं. मॅजिस्ट्रेटसाहेब लिहिता लिहिता थांबले.

"आणि वेग? ताशी चाळीस मैल?"

"सांगता येत नाही. काटा माझ्या बाजूने दिसत नव्हता."

"मग चाळीस कुठून आले?"

मी उत्तर देण्याआधी साहेबांनी मान वर केली आणि स्वतः विचारलं, "साक्षीदार, तुम्ही आरोपीचे नातेवाईक आहात. तुम्हाला कोणी जबानी फिरवायला सांगितलं का?"

"वकिलांनी वास आला नाही म्हणायला सांगितलं होतं. ते मी म्हटलं नाही. वास आला होता."

साडूचे वकील कागद चाळू लागले.

"मग जबानीच्या वेळी तुम्ही खोटे आकडे का दिलेत?"

सात तोळ्यांची गोष्ट सांगावी का, असं एक क्षण वाटलं. ती कोर्टाला समजली नसती. "साहेब," मी म्हणालो, "मला त्यांची मोटर सहन होत नव्हती. मोटर सहन होत नव्हती आणि तेही सहन होत नव्हते. आजही होत नाहीत. म्हणून माझे आकडे धरू नका. जे डोळ्यांनी पाहिलं आणि नाकाने घेतलं, तेवढं धरा."

कोर्ट हसलं. पट्टेवाल्याने दोनदा गप्प राहायला सांगितलं. साडू आरोपीच्या जागेवर उभा होता. तो आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग खाली मान घालून हसला. त्याचे खांदे हलताना मला दिसले. आयुष्यात एकदाच मी त्याला हसवलं ते असं.

साहेबांनी मला कडक शब्दांत समज दिली. पोलिसांपुढे अंदाज सांगायचा असेल तर अंदाज म्हणून सांगावा, आणि पुढच्या वेळी माझ्यावर खटला होईल, असं म्हणाले. मी मान हलवली. फॅक्टरीत मी नव्या पोरांना हेच शब्द ऐकवत असे.

निकाल दुपारी लागला. दारू पिऊन चालवल्याचं शाबीत. वेगाचा पुरावा नाही. दंड रुपये शंभर, परवाना एक वर्ष रद्द. तुरुंग नाही. माझा दोनशेचा जामीन मोकळा झाला. मेहुणी तिथेच बाकावर बसून रडली आणि मग माझ्या पाया पडायला वाकली. तिला वाकू दिलं नाही. त्या महिन्यात नारायण कोणीच नव्हतं.

कोर्टाच्या आवारात वडाखाली साडू माझ्याजवळ आला.

"साडूभौ, खरंच सहन होत नाई मी?"

"नाही."

"मले वाटलंच. तुमी पारडाची गोष्ट पुरी ऐकली नाई."

"धडक झाली तेव्हा तुम्ही तीच सांगत होता."

"हो ना," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला मी पाहिला. पारडाचं पुढे काय झालं हे त्याने मला आजपर्यंत सांगितलं नाही.

शंभर रुपये त्याने तिथेच भरले. मग माळ्याला बाजूला घेतलं आणि बैलाचे ऐंशी रुपये त्याच्या हातात ठेवले. माळी सत्तरच म्हणाला होता. वरचे दहा साडूने न मागता दिले. सगळ्यांनी पाहिलं. अकोल्याची मंडळी म्हणाली, माणूस दिलदार आहे. मीही तेच मनात म्हणालो, आणि वरचे ते दहा रुपये मनात तोलू लागलो. मत्सर समज देऊन जात नाही. परवाना गेला म्हणून साडूने ड्रायव्हर ठेवला. पुढचं वर्षभर तो सासुरवाडीला आला तो मागच्या सीटवर टेकून, साहेबासारखा. चालवत होता तेव्हा निदान त्याच्या अंगावर धूळ तरी बसत असे.

पण माळ्याच्या हिशेबात एक गोष्ट राहिली होती आणि ती मलाच ठाऊक होती. पंचनाम्यात फक्त 'भाजीपाला' असं लिहिलं होतं. किती, ते कोणी विचारलं नाही, माळ्यानेही सांगितलं नाही. बैल एवढा मोठा होता की वांगी कोणाला दिसली नाहीत. मी ती मोजली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दमणी करून त्याच्या मळ्यात गेलो. नवा बैल गोठ्यात बांधला होता. शिंगं जुन्या बैलाशी जुळत नव्हती. माळी त्यांना हिंगूळ लावत होता. त्याची बायको ओट्यावर झुली उसवून पुन्हा शिवत होती, नव्या बैलाच्या मापाने.

"बैल आणेपर्यंत माल कसा नेला?" मी विचारलं.

"किरायाच्या गाडीनं," ती म्हणाली. "अजून कसा?"

"किती खेपा?"

"एकोनीस."

"किराया?"

"दहा आने खेपेला. काहून विचारून राह्यले?"

मी ओट्यावर बसून आकडे मांडले. अकरा डालग्या, त्या आठवड्याच्या भावाने सहा आण्यांप्रमाणे, चार रुपये दोन आणे. एकोणीस खेपा, दहा आण्यांप्रमाणे, अकरा रुपये चौदा आणे.

माळी हात पुसत जवळ आला. "मोटर त्यायची होती. त्यायनं देल्ले पैसे. तुमी काहून देता?"

"मी मोटरीत बसलो होतो. ते प्यायले आहेत हे ठाऊक असून बसलो. दमणी जुंपलेली होती, ती मी सोडायला लावली."

"बसनाऱ्याले दंड नसते जी."

"कोर्टात नसतो," मी म्हणालो.

तो बैलाकडे परत गेला. त्याच्या बायकोने सुई झुलीत खोचली आणि हात पुढे केला. तिने नाणी दोनदा मोजली. दुसऱ्यांदा मीही सोबत मोजली. सोळा रुपये, माळणीला पोचले.